काजलचा निरोप समारंभ

काजल साळवे सिस्टर झाली. फादर जोबींनी वेदीवरून तसं जाहीर केलं, टाळ्या वाजल्या, शाल-श्रीफळ झालं, बाया रडल्या, पुलाव संपला आणि ज्यांना तो मिळाला नाही त्यांनी केटररच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यानंतर आठवडाभरात अख्ख्या पॅरिशने मिळून ठरवलं, की यातलं काहीही झालेलं नाही. ठराव कुठे लिहिला गेला नाही, हात वर करून मतदान झालं नाही; पण इतकी एकी त्या चर्चमध्ये पंखे बसवायच्या वेळीही दिसली नव्हती. तेव्हा आपणही तसंच धरून चालू. काही झालेलं नाही. काजल चोवीस वर्षांची आहे, आईबापासोबत बेसाला राहते, धंतोलीच्या एका हॉस्पिटलात रिसेप्शनवर बसते, आणि गोष्ट आत्ता कुठे सुरू होते आहे.

काजलचं काम माणसांना बोलावण्याचं होतं. समोर माइक, बाजूला टोकनांची यादी. यवतमाळ, वर्धा, गडचिरोलीकडून आलेली माणसं फायली छातीशी धरून बाकांवर बसलेली असत. नंबर पुकारला की उठत आणि जात. कोणी म्हणत नसे, की मीच का, माझी लायकी काय, घरी विचारून सांगतो. बोलावणं म्हणजे किती सोपी गोष्ट असते, हे काजल रोज आठ तास बघत होती.

मार्चमधल्या एका दुपारी तिने एक नंबर पुकारला आणि कोणी उठलं नाही. परत पुकारला. माइक ठोकून पुन्हा पुकारला. शेवटी शिपायाने चिठ्ठ्या तपासल्या, तेव्हा तो माणूस पहिल्याच बाकावर, तिच्या अगदी समोर, टक्क जागा बसलेला सापडला. चिठ्ठी हातात, नंबर तोच.

"बाबा, मी तुम्हालेच बोलावून राहिली होती ना," काजल म्हणाली.

"मले वाटलं दुसऱ्या कोणाले बोलावून राहिले," तो म्हणाला आणि शांतपणे आत गेला.

त्याचं पुढे काय झालं ठाऊक नाही. बहुधा पित्ताची गोळी मिळाली असेल. काजलच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. तिला वाटायला लागलं, आपणही असेच पहिल्या बाकावर बसलेलो असलो तर? कोणी तरी घसा सुकेपर्यंत पुकारतंय, आणि आपण आजूबाजूला बघतोय, की कोण बाई ही, उठत कशी नाही.

याला एक पार्श्वभूमी होती. काजलच्या मैत्रिणी लग्न करून पुण्याला गेल्या होत्या. सगळ्या पुण्यालाच, नवरे वेगवेगळे होते एवढंच. घरी संध्याकाळी तिघं जण एका टीव्हीसमोर बसत आणि जाहिराती लागल्या की एकमेकांकडे बघत. मग सकाळच्या पाळीनंतर काजलने घरी जायच्या आधी चर्चमध्ये डोकवायला सुरुवात केली. दुपारच्या वेळी तिथे कोणी नसे. मागच्या बाकावर बसलं की तिला बरं वाटे. बरं म्हणजे काय, ते तिला सांगता आलं नसतं. आपल्या पाठीमागे कोणी तरी हळूच येऊन बसलंय, आणि आपण वळून पाहिलं तर ते उठून जाईल, असं काहीसं. ती वळून बघत नसे.

हे देवाचं बोलावणं होतं, की नुसता एकटेपणा होता? काजलला जगात एवढी एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. दोन्ही आतून सारखीच लागत.

म्हणून ती फादर जोबींकडे गेली. फादर मूळचे केरळचे, नागपुरात बारा-पंधरा उन्हाळे काढून हाडापर्यंत भाजलेले, स्वभावाने देवमाणूस. पण एक दुःख त्यांना आतून खात होतं. शेजारच्या पॅरिशने तीन सिस्टर आणि एक फादर दिला होता. यांच्या पॅरिशने आजवर एक ऑर्गन वाजवणारा दिला होता, आणि तोसुद्धा पुढे लग्नाच्या बँडमध्ये गेला. बिशपसाहेब दरवर्षी विचारत, "जोबी, या वर्षी कोणी?" आणि फादर पाणी पीत.

"फादर, ते 'कम अँड सी' म्हणतात ते काय असते?" काजलने विचारलं.

"चार दिवस मठात राहायचं. यायचं, बघायचं. बस, इतनाच."

"बघून परत यायचं?"

"परत तो सबच येतात. मग घरी बसून विचार करायचा."

"मग मी बघून येऊ का?"

फादर खुर्चीतून उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायलाच विसरले. मग त्यांनी यमुताईंना फोन लावला आणि गोष्ट अत्यंत गोपनीय असल्याचं सांगितलं.

यमुताई महिला मंडळाच्या अध्यक्ष. गोपनीय गोष्ट त्यांना सांगितली की पत्रकं छापायचा खर्च वाचे. आता न्यायाने बोलायचं तर मुलगी स्थळ बघायला गेली म्हणजे लग्न ठरलं, असं आपल्यात कोणी धरत नाही. पोहे खाऊन घरी आलेल्या मुली ढिगाने आहेत. पण हे स्थळच वेगळं होतं. मुलाकडून नकार यायचा प्रश्न नव्हता, आणि मुलीने नकार द्यावा असं मुलात काही नव्हतं. यमुताईंनी त्याच संध्याकाळी केटररला ॲडव्हान्स दिला.

काजल घरी पोचली तेव्हा तिची आई मायाबाई कपाटासमोर फतकल मारून बसली होती, डोळे पुसत आणि ओढण्यांच्या घड्या घालत.

"वं काजल, सख्ख्या मायले काहून नाही सांगतलं? मले यमुताईच्या तोंडून कळावं?"

"आई, सांगण्यासारखं काही नाहीच ना. मी फक्त पाहून येणार आहे."

"पाहून येणाऱ्या पोरी कपाट आवरत नाहीत."

"मी कुठं आवरलं? तूच आवरून राहिली!"

मायाबाईने हातातल्या ओढणीकडे पाहिलं. तिला ते पटलं. मग ती पुढची ओढणी घेऊन पुन्हा रडायला लागली.

वडील प्रेमानंद सोफ्यावर मॅच बघत होते. ते बुटीबोरीच्या एका कारखान्यात फोरमन होते आणि घरात फक्त आकड्यांत बोलत. त्या दिवशी त्यांनी टीव्हीचा आवाज शून्यावर आणला. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात भावुक कृती होती.

"तिथं मच्छर असतीन," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मच्छर मारायची इलेक्ट्रिक बॅट आणून तिच्या बॅगेवर ठेवली. पोरीला देवाला देताना सोबत काय द्यायचं असतं, हे कोणी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, म्हणजे ज्या रविवारी पाचारणासाठी, देवाने माणसांना बोलवावं म्हणून, खास प्रार्थना होते त्या रविवारी, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर समारंभ झाला. बाहेर चव्वेचाळीस अंश होतं, आत माणसं होती. यमुताई बोलायला उभ्या राहिल्या.

"ही पोरगी लहानपणापासूनच वेगळी. चौथीत असताना हिनं बाळयेशूची मूर्ती पाडली होती. पण दुसरी पोरं पळून गेली. ही तिथंच उभी राहून रडली!"

लोक हेलावले. काजलला आठवलं, की ती उभी राहिली होती कारण मूर्ती तिच्या पायावर पडली होती. तिच्या खांद्यावर शाल चढली, हातात नारळ आला आणि तोंडासमोर माइक.

"मी फक्त चार दिवस बघायला चालली आहे," ती म्हणाली. "अजून काही ठरलं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. किती नम्र! पहिल्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले. काजल पुन्हा म्हणाली, "खरंच नाही ठरलं," तेव्हा मागचेही उठून उभे राहिले. ती जितकं नाही म्हणे, तितकी संत होत चालली होती. आणखी दोन वाक्यं बोलली असती तर तिच्या नावाने नऊ दिवसांचा नोव्हेना सुरू झाला असता. तिने माइक परत दिला.

मठ काटोल रोडच्या पुढे होता, म्हणजे गर्दी धरून तासाभराच्या अंतरावर. पण निरोप असा झाला, की जणू पोरगी बोटीने आफ्रिकेला चालली. मायाबाईने ऑटोचा दांडा धरून ठेवला होता, ऑटोवाला बंटी म्हणाला, "काकू, सोडा, मीटर नाही चालू, पण इंजिन चालू आहे." ऑटो निघाला. सीताबर्डीला काजलने रबरी चपला घ्यायला तो थांबवला, तर त्याच दुकानात महिला मंडळाच्या तीन बाया गाऊन बघत होत्या. निरोप पुन्हा पहिल्यापासून झाला. दुकानदाराने मयत समजून चपलांवर वीस टक्के सूट दिली.

मठात तिला कोणी हार घातला नाही. सिस्टर व्हेरोनिका नावाच्या जशपूरकडच्या साठीतल्या सिस्टरने तिला खोली दाखवली, कैऱ्यांची टोपली दाखवली आणि विळी दाखवली. लोणच्याचे दिवस होते. बघायला आलेल्या आणखी पाच मुली होत्या आणि एक बदक होतं. बदकाबद्दल मुलींमध्ये पक्की समजूत होती, की ज्या मुलीला पाचारण नसतं तिला ते चावतं. अमरावतीच्या एका मुलीला ते पहिल्याच दिवशी चावलं, आणि तिने संध्याकाळची बस पकडली. काजल मुद्दाम त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. बदकाने तिच्याकडे एका डोळ्याने पाहिलं, मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, आणि तिच्या पायाशी बसून झोपी गेलं. निकाल राखून ठेवण्यात आला.

दुपारी जेवणानंतर मौन असे. काजलला वाटलं होतं, ते रिकाम्या चर्चसारखं असेल. पण रिकाम्या चर्चमध्ये कोणीच गप्प नसतं, कारण कोणीच नसतं. इथे पंधरा बायका गप्प होत्या, आणि ते कानाला लागत होतं: चष्म्याची डबी, खोकला, कोणाच्या तरी पोटातली गुडगुड. ती पाठ ताठ करून बसे आणि मागे कोणी येऊन बसतंय का याची वाट बघे. कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी कैऱ्या चिरताना बालाघाटच्या एका मुलीने आपल्या गावच्या फादरांच्या प्रवचनाची नक्कल केली, सगळ्या विळ्यांवरून घसरेस्तोवर हसल्या, आणि त्या हसण्याच्या अगदी मध्ये काजलला ते जाणवलं. पाठीमागे. क्षणभर. तिने हसणं थांबवून लक्ष दिलं, तर गेलं.

शेवटच्या दिवशी सिस्टर व्हेरोनिका तिच्याजवळ येऊन बसल्या.

"काही ऐकू आलं?"

"नाही," काजल म्हणाली. "पण 'नाही' असंही ऐकू आलं नाही."

"छान."

"सिस्टर, एकटं वाटतं म्हणून कोणी येतं का इथे?"

"पुष्कळ येतात. मीपण तशीच आले होते."

"मग गेलं का ते?"

सिस्टरने एक कोय विळीवर फोडली, आतली बी काढून टाकली. "नाही. पण आता त्याला वेळापत्रक आहे."

काजलला हसू आलं, आणि मग ते आलं तसं थांबलं.

"घरी जा," सिस्टर म्हणाल्या. "वर्षभर नेहमीसारखी राहा. नोकरी कर, पिक्चर बघ, मैत्रिणींशी भांड. तुझ्या नेहमीच्या आयुष्यात ऐकू आलं, तरच खरं. इथे काय, कोपऱ्याकोपऱ्यात क्रूस लावलेत, इथे कोणालाही ऐकू येतं."

"सिस्टर, पण निरोप समारंभ झाला ना."

"कोणाचा?"

"माझा."

सिस्टरने विळी आडवी केली. "बघायला येताना?"

"शाल पण दिली."

सिस्टर व्हेरोनिकांनी बदकाकडे पाहिलं. त्यांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवात यावर काही नव्हतं.

घराची बेल वाजवली तेव्हा मायाबाईने दार उघडलं आणि विचारलं, "काय विसरलं?"

"काही नाही. मी आली."

"हो, पण काय न्यायले आली?"

तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर, पापड वाळत होते. कपाट रिकामं होतं. कपडे मावसबहीण मिनलकडे गेले होते. प्रेमानंदांनी टीव्ही बंद केला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बॅट चालली का?"

"चालली बाबा."

"बरं," ते म्हणाले आणि पापड उचलायला लागले.

रविवारी चर्चमध्ये कोणी काही विचारलं नाही. काजलने यमुताईंना गाठलं आणि म्हणाली, "ताई, त्या दिवशीच्या समारंभात तुम्ही सगळ्यांनी..."

"कोणता समारंभ वं?" यमुताईंनी पदराने वारा घेतला. "काय ऊन तापून राहिलं बाई यंदा!"

पॅरिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे शाल-नारळाचे फोटो होते, ते एकेक करून नाहीसे झाले. 'हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे,' अशा ओळी खालपर्यंत रांगेत उभ्या होत्या, दफनभूमीतल्या दगडांसारख्या. ती जवळून गेली की बोलणं थांबे. लांब गेली की परत सुरू होई. एकदा पंख्याच्या वाऱ्यावर एक वाक्य तिच्यापर्यंत आलं: "येशूकडे नांदली नाही म्हणे." सासरहून परतलेल्या पोरीबद्दल बोलतात, त्याच आवाजात. निदान त्या पोरींना विचारतात तरी, की बाई, सासू छळत होती का.

हॉस्पिटलात उलटंच झालं. तिथे यमुताई पेढे देऊन गेल्या होत्या आणि काजल परत आल्याची बातमी द्यायला काही आल्या नव्हत्या. शेजारच्या काउंटरवरची श्वेता, जी आधी दर तासाला आपल्या होणाऱ्या नवऱ्याच्या बारीकसारीक गोष्टी सांगे, ती आता काजल दिसली की फोन पालथा ठेवी.

"सांग ना बे, काय म्हणत होता तो?" काजल म्हणाली.

"जाऊ द्या ना," श्वेता म्हणाली. "तुमच्यासमोर कसं बोलायचं."

तुमच्यासमोर. सोबत पाणीपुरी खाताना हिचा ठसका काजलच्या कुर्त्यावर उडाला होता. हाडांच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, की पोराच्या नीट परीक्षेच्या निकालासाठी ती जरा वरती शब्द टाकेल का. एका ठिकाणी ती कधी गेलीच नव्हती, आणि दुसऱ्या ठिकाणी ती अजून आलीच नव्हती.

दुपारी ती पूर्वीसारखी रिकाम्या चर्चमध्ये जाऊन बसली. काही जाणवलं नाही. बराच वेळ बसल्यावर तिला त्याचं कारण कळलं. आधी ती माणसांच्या कालव्यातून उठून इथे येई. आता एकटेपणातून उठून एकटेपणातच येऊन बसायचं, तर यातला नुसता एकटेपणा कोणता आणि बोलावणं कोणतं, हे ओळखायचं कसं? सिस्टरने नेहमीच्या आयुष्यात ऐकायला सांगितलं होतं, आणि ते आयुष्य तर मिनलच्या अंगावर होतं. पुढच्या रविवारी ते खरोखरच दिसलं, हिरवा कुर्ता, दोन बाक पुढे. काजलच्या स्वतःच्या बाकावर तिच्या दोन्ही बाजू मोकळ्या होत्या. काही बायका आदराने सरकल्या होत्या, काही लाजेने. आदर आणि लाज साधारण सारखीच जागा सोडतात.

मिस्सा संपल्यावर ती फादर जोबींच्या ऑफिसात गेली. फादरांनी तिला पाहून पाणी प्यायला घेतलं.

"फादर, लोकांना सांगा ना, की मला अजून माहीत नाही."

"क्या माहीत नाही?"

"तेच. होणार की नाही होणार. तुम्हीच तर म्हणाले होते, परत सगळेच येतात, मग घरी बसून विचार करायचा."

"मी म्हणालो होतो," फादर कबूल झाले. त्यांचा चेहरा पडला. ते खरंच चांगले होते. "लेकिन बेटा, असं अनाउन्स कसं करणार? लग्नाची सूचना असते, मयताची असते, चष्मा हरवला त्याची असते. 'माहीत नाही' याची सूचना कहाँ असते?"

"लग्नाची तुम्ही तीन रविवार वाचता. कोणाची हरकत असेल तर कळवा म्हणता. माझ्या वेळेस एकदाच वाचलं, फादर. आणि हरकत कोणी विचारलीच नाही."

"कोणाची हरकत होती?"

"माझी."

फादरांनी ग्लास खाली ठेवला. खिडकीबाहेर यमुताई बायकांना गोळा करून काही तरी समजावत होत्या. पॅरिश कार्यकारिणीच्या सचिवही त्याच होत्या.

"लेखी दे," फादर हळूच म्हणाले. "मी कार्यकारिणीसमोर ठेवतो."

काजलने तिथेच बसून लिहिलं.

प्रति, मा. धर्मगुरू व पॅरिश कार्यकारिणी. विषय: अर्जदारास अद्याप माहीत नसल्याची सूचना वाचण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयी विनंती की, कु. काजल प्रेमानंद साळवे, रा. बेसा, हिला देवाने बोलावले आहे किंवा कसे, हे तिला अजून माहीत नाही, अशी सूचना लागोपाठ तीन रविवार मिस्सा संपल्यावर मोठ्याने वाचण्यात यावी. तिला माहीत नसण्यास कोणाची हरकत असल्यास ती कारणासह कार्यालयास कळवावी. हरकती निकाली निघेपर्यंत अर्जदारास पूर्वीप्रमाणे, म्हणजे कोणी विशेष नसल्यासारखे, वागवण्यात यावे. तिच्याशी ऊन सोडून इतर विषयांवरही बोलण्यात यावे. आणि मिस्सा चालू असताना तिच्या शेजारी, आळीपाळीने का होईना, कोणी तरी बसावे, ही नम्र विनंती.